शाळा चालू असताना केरळ: सोलापूरहून पाच जणांचा प्रवास कसा जुळवला

आईला हाऊसबोट बघायची होती. मे महिना आणि दिवाळी सोडून सहलीला जाता येतं हे आमच्या घरात कुणाच्या मनात यायचं नाही, आणि त्या दोन्ही वेळचे हॉटेलांचे दर ऐकले की विषय तिथेच थांबायचा. 2025 मध्ये ठरवलं की मुलांची शाळा चालू असतानाच, पण शाळेचं कमीत कमी बुडेल असं जायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोची, मुन्नार आणि अलप्पुळा करून आलो. बऱ्याच ओळखीच्यांनी विचारलं की हे सगळं जमवलं कसं, म्हणून क्रमाने लिहितोय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. मोठी मुलगी सहावीत, धाकटा तिसरीत, पत्नी घरूनच शिलाईचं काम करते आणि आई 68 वर्षांची. प्रत्येकाची वेळ वेगळी, हीच खरी अडचण होती.

16 जूनला शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मुलांच्या डायऱ्या हातात आल्या. त्यात वर्षाचं वेळापत्रक छापलेलं असतं. ते बहुतेक पालक फक्त सुट्ट्यांसाठी बघतात, आम्ही परीक्षांसाठी बघितलं. पहिली घटक चाचणी कधी, सहामाही कधी, दुसऱ्या सत्राची चाचणी कधी, स्नेहसंमेलन कधी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि या सगळ्या तारखांवर लाल पेनाने काट मारली.

मग माझ्या कामाच्या तारखा निळ्या पेनाने. जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र म्हणजे जीएसटीआर-वन 11 तारखेला, कर भरायचं विवरणपत्र म्हणजे थ्री-बी 20 तारखेला, कापून ठेवलेला कर म्हणजे टीडीएस 7 तारखेला. दर महिन्याला हे येतंच. म्हणजे मला मोकळा काळ साधारण 21 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 5-6 तारखेपर्यंतचा. तुमचं काम वेगळं असेल, पण स्वतःच्या महिन्यात असा एक सैल पट्टा प्रत्येकाचा असतो. तो आधी शोधावा, ठिकाण नंतर.

हे सगळं मांडल्यावर पाच काळ उरले. जुलै-ऑगस्टमध्ये केरळ सगळ्यात स्वस्त मिळतं, पण ऐन पावसाळा. 2024 च्या जुलैअखेरीस वायनाडला दरड कोसळली ते आम्ही टीव्हीवर बघितलेलं, आणि आईचे गुडघे दुखरे. घाटात अडकलो तर काय, या विचाराने तो काळ सोडला. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. महिन्याच्या मध्याला तैलाभिषेक, अक्षता, होमप्रदीपन, आणि पुढे गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा. या दिवसांत सोलापुरातल्या शाळांना सुट्टी मिळते आणि बाकी महाराष्ट्राच्या शाळा चालू असतात, त्यामुळे नुसत्या दराच्या हिशोबाने तो काळ फार चांगला आहे. पण नंदीध्वज रस्त्यावरून जात असताना आई सोलापूर सोडून कुठेही जाणार नाही, आणि मलाही ते पटत नाही. फेब्रुवारीत मुन्नारजवळचा एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचा भाग निलगिरी ताहर या रानबकरीसारख्या प्राण्याच्या विणीसाठी साधारण मार्चअखेरपर्यंत बंद ठेवतात, आणि मुलांना तर तेच बघायचं होतं. फेब्रुवारीत मुन्नारला जाणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावं. मार्च म्हटलं तर माझं वर्षअखेर आणि मुलांच्या परीक्षा.

उरला नोव्हेंबर. दिवाळी 20 ऑक्टोबरच्या आसपास, शाळा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत सुरू, सहामाही आधीच संपलेली, पुढची चाचणी लांब. थ्री-बी भरून 21 नोव्हेंबरनंतर निघायचं असं कच्चं ठरलं.

इथे एक गोष्ट आम्हाला फोनाफोनीतून कळली. मुन्नारच्या एका छोट्या हॉटेलात जुलैमध्ये फोन केला, तेव्हा मॅनेजरने सांगितलं की लक्ष्मीपूजनानंतरचे आठ-दहा दिवस त्यांच्याकडे गुजरातची मंडळी भरलेली असतात. तेव्हा आपल्या मुलांची शाळा सुरू झालेली असो वा नसो, दर चढलेलेच. तसंच 20 डिसेंबर ते 5 जानेवारीचा दरफलक वेगळा, आणि शनिवार-रविवारी तमिळनाडू आणि कोचीकडून गाड्या येतात म्हणून तेही दोन दिवस महाग. तेव्हा आपल्या शाळेचं कॅलेंडर हे अर्धंच काम आहे. ज्या गावी जायचं तिथल्या शाळा कधी बंद असतात आणि तिथे पाहुणे कुठून येतात, हे बघितल्याशिवाय तारखा पक्क्या करू नयेत. राजस्थानला जाणाऱ्यांनीही दिवाळीनंतरचा आठवडा याच कारणासाठी सोडावा. हॉटेलला सरळ फोन करून 'तुमच्याकडे सगळ्यात रिकामे दिवस कोणते' असं विचारलं की ते मोकळेपणाने सांगतात, कारण त्यांनाही त्या दिवसांत गिऱ्हाईक हवंच असतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या अण्णांनी सांगितली. ते दरवर्षी शबरीमलाच्या अय्यप्पाची माळ घालतात आणि माळ घातलेले एकमेकांना स्वामी म्हणतात. काळे कपडे, अनवाणी, 41 दिवसांचं व्रत. मी त्यांना गाडीचं नाव सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "भाऊ, नोव्हेंबरच्या मध्याला शबरीमला उघडतं की ओ. त्या गाडीत आमचे स्वामीच असतात सगळे. पहिल्या दिवशी तिकीट काढा, नाहीतर वेटिंग." शाळेच्या किंवा सरकारी सुट्टीच्या कुठल्याही यादीत हे नाही. मंडलकाळ, म्हणजे शबरीमलाच्या यात्रेचा काळ, 2025 मध्ये 17 नोव्हेंबरला सुरू होऊन 27 डिसेंबरपर्यंत होता, आणि आमची पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस शबरीमलाला जाणारे जिथे उतरतात त्या कोट्टयम आणि चेंगन्नूरवरूनच जाते. अण्णांचं ऐकलं म्हणून आमची जागा झाली.

ऑगस्टच्या पालक सभेत वर्गशिक्षिका बाईंशी बोललो. बाई समजूतदार होत्या, पण मुख्याध्यापकांची परवानगी लागेल म्हणाल्या. सरांनी मला खुर्चीवर बसवून शांतपणे समजावलं की पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरवावीच लागते, आणि एकाला रजा दिली की दहा जण अर्ज घेऊन येतात. त्यांची बाजू मला पटली. तेव्हा मी आजारपणाचं कारण लिहिणार नाही, खरं कारणच लिहीन, असं सांगितलं. घरी बसून दोन्ही मुलांचे वेगळे अर्ज लिहिले: किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कारण 'आजीसह कौटुंबिक प्रवास', त्या काळात कुठलीही चाचणी नसल्याचा उल्लेख आणि परतल्यावर वह्या पूर्ण करून देण्याची हमी. सरांनी सही करायला आठवडा घेतला. मधले ते दिवस जरा घालमेलीचे गेले, कारण नाही म्हणाले असते तर आम्ही जाणार नव्हतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. ती नोव्हेंबरमध्ये उपयोगी पडली, धाकट्याच्या वर्गावर नवीन बाई आल्या होत्या आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मुलीला आम्ही आधी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. सहावीतल्या मुलीचं मत लागतं. तिची एकच अट होती: स्नेहसंमेलनाच्या नाचातून नाव काढू देऊ नका. बाईंनी ते मान्य केलं.

आता तिकिटं. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. यात एक बारकावा आहे. हे 60 दिवस गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या तारखेवरून मोजतात. आमची गाडी पुण्याहून रात्री सुटते आणि सोलापूरला पहाटे येते. म्हणजे 22 नोव्हेंबरच्या पहाटेचं सोलापूरचं तिकीट हे 21 नोव्हेंबरच्या गाडीचं, आणि त्याचं आरक्षण 22 सप्टेंबरला उघडणार. आपल्या स्थानकाच्या तारखेवरून मोजलं तर एक दिवस उशीर होतो, आणि अशा गाडीला एक दिवस फार असतो.

22 सप्टेंबरला घटस्थापना. पत्नी पहाटेच रूपाभवानीला जाऊन आली. पावणेआठला मी लॅपटॉप उघडून बसलो. प्रवाशांची नावं आणि वयं आदल्या रात्रीच यादीत भरून ठेवली होती, त्यामुळे आठ वाजता फक्त निवडायची राहिली. मुलांबद्दल दोघांचं बोलणं आधी झालं होतं. 5 ते 12 वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर पूर्ण. चोवीस तासांहून जास्त प्रवास, म्हणून दोघांनाही पूर्ण बर्थ घेतले. आईचं तिकीट वेगळं काढलं. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो, पाच जणांच्या तिकिटात आईला तो मिळाला नसता. तिला त्याच डब्यात खालचा बर्थ आला. थर्ड एसीला माणशी दीड हजाराच्या वर भाडं पडलं.

भाड्याबद्दल एक सांगतो. साध्या मेल-एक्सप्रेसचं भाडं हंगामाप्रमाणे बदलत नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोला भरत जाईल तसं भाडं चढतं, सुट्टीच्या विशेष गाड्यांना जादा भाडं असतं. आपल्या साध्या गाडीत मे महिन्यातही तेच पैसे, फक्त जागा मिळत नाही. म्हणजे बिनसुट्टीच्या दिवसांत खरी बचत हॉटेल, हाऊसबोट आणि टॅक्सीत होते. विमानाने जाणाऱ्यांचा हिशोब अर्थातच वेगळा.

योगायोगाने त्याच 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मी कामामुळे ते पाठच केलं होतं, म्हणून खोल्यांचं बुकिंग तोपर्यंत थांबवलं होतं. दोन ठिकाणी मॅनेजरने जुन्याच दराने आकडा सांगितला, मी नवा दर सांगितल्यावर लगेच दुरुस्त करून दिला. तुम्हीही बिलावरचा कर बघून घ्या.

त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली, आमच्या कारखान्यातल्या दोघांच्या घरी चिखल भरला होता. त्या दिवसांत सहलीचं बोलणं घरात आपोआप बंद झालं. शाळेतून कपडे आणि धान्य गोळा होत होतं, मुलांनीही दिलं. रद्दच करावं का असंही एकदा वाटलं. तेव्हाच्या नियमाने तिकीट 48 तासांपूर्वी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी 180 रुपये आणि त्यावरचा कर एवढंच कापत, हे माहीत होतं, म्हणून घाई केली नाही.

परतीचं तिकीट 30 नोव्हेंबरचं, ते 1 ऑक्टोबरला उघडलं. आणि 1 ऑक्टोबरपासूनच नवा नियम लागू झाला की आरक्षण उघडल्यावर पहिली 15 मिनिटं ऑनलाइन तिकीट फक्त आधार पडताळलेल्या खात्यावरूनच निघणार; ही 15 मिनिटांची मर्यादा तेव्हाची. माझं खातं तत्काळसाठी जुलैतच पडताळून ठेवलेलं होतं. ज्यांचं नसेल त्यांनी हे काम प्रवास ठरण्याआधीच करून टाकावं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो, ओटीपी तिथेच येतो. त्या दिवशी खंडेनवमी होती. तिकीट काढून मी कारखान्यात मागांच्या पूजेला वेळेवर पोचलो.

ऑफिसची रजा शेवटी पक्की झाली, कारण मधे ऑडिटची मुदत दोनदा हलली. 30 सप्टेंबरची 31 ऑक्टोबर झाली, मग 10 नोव्हेंबर. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा यायचा की आता नोव्हेंबरअखेर गेली तर? मालकांना मी सप्टेंबरमध्येच लेखी दिलं होतं आणि मुदत वाढली तरी आम्ही काम जुन्या वेगाने चालू ठेवलं. 10 नोव्हेंबरला अहवाल गेला, 20 ला थ्री-बी गेलं. 21 ला दिवसभर सहकाऱ्याला सगळं समजावून, पासवर्डचं पाकीट मालकांकडे देऊन घरी आलो.

22 च्या पहाटे स्टेशन. थंडी पडली होती. डब्यात काळ्या कपड्यांतले स्वामी खरंच बरेच होते, सकाळी त्यांचं भजन सुरू झालं आणि आई त्यांच्यात जाऊन बसली. पत्नीने ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत कापडात बांधून आणली होती. कडक भाकरी हाताने मोडली की कट्ट आवाज होतो आणि तुकडे उडतात, म्हणून ती पिशवीतच मोडायची, वर शेंगाचटणी आणि दही घालून पाच मिनिटं ठेवायची, मग ती मऊ होते. समोरच्या कुटुंबाने हे कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मुलाने चटणी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचीचं एर्नाकुलम टाऊन स्टेशन, ज्याला तिथे सगळे नॉर्थ म्हणतात. रविवार होता, म्हणून आम्ही मुद्दाम कोचीत थांबलो आणि मुन्नार सोमवार ते गुरुवार ठेवलं. फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोने, म्हणजे शहरातल्या बोटसेवेने गेलो. मुलांना गाडीपेक्षा तेच आवडलं, आणि तिकीट अगदी किरकोळ. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू सिनेगॉग शनिवारी, हे लक्षात ठेवून वार निवडा.

मुन्नारला खोली रोजची 2,400 रुपयांना मिळाली, दोन खोल्या. तीच खोली नाताळात 4,800 असल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. एरविकुलमच्या तिकिटाला रांग नव्हती. वनखात्याच्या बसने वर नेतात, तिथून थोडं चालायचं. ताहर रस्त्याच्या कडेला चरत होते, एक तर इतका जवळ आला की त्याच्या शिंगांवरचे वळे मोजता येत होते. आई खाली बसून राहिली नाही, सावकाश वरपर्यंत आली.

गुरुवारी दुपारी अलप्पुळ्याला हाऊसबोटीवर चढलो. दोन खोल्यांची बोट, सगळ्या जेवणासकट 10,500 रुपये. नाताळच्या आठवड्यासाठी याच बोटीचा भाव 18,000 सांगितला होता. एक माहिती असू द्या: साडेपाचच्या सुमाराला बोटी काठाला बांधतात, कारण रात्री मासेमार जाळी टाकतात. म्हणून दुपारी बाराच्या ठोक्याला चढायचं, उशीर केला तर फिरण्याचा वेळच जातो. बोट बांधल्यावर स्वयंपाक्याने आईला भात उकडताना बघायला आत बोलावलं. लाल दाण्याचा तो भात तिने पहिल्यांदा बघितला, दाणा बोटांत दाबून शिजला का बघितला आणि अजून दोन मिनिटं ठेव म्हणाली. त्याला मराठी येत नव्हतं, त्याने ठेवला.

शेवटच्या दोन दिवसांत 'दितवाह' चक्रीवादळाच्या बातम्या येत होत्या. श्रीलंकेत फार नुकसान झालं होतं आणि ते तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. आमचा परतीचा मार्ग सेलम, काटपाडीवरून, त्यामुळे काळजी होती. नोव्हेंबरात दक्षिणेला जाताना हा धोका धरूनच चालावं. मी रजेत एक दिवस जास्तीचा मागून ठेवला होता. तो लागला नाही. 1 डिसेंबरच्या रात्री घरी.

खर्च: रेल्वे, सगळ्या खोल्या, बोट, टॅक्सी, जेवण मिळून पाच जणांचे पाऊण लाखाच्या आत. नाताळचे जे दर मी लिहून ठेवले होते ते धरले असते तर फक्त खोल्या, बोट आणि टॅक्सीचेच पंचवीस-तीस हजार वाढले असते.

शाळेची किंमतही सांगायला हवी. मुलीचा गणिताचा एक धडा पूर्ण बुडाला. तिच्या मैत्रिणीची आई रोज संध्याकाळी वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची, पण फोटो बघून अपूर्णांक समजत नाहीत. परतल्यावर आठवडाभर रोज रात्री मी तिच्यासोबत बसलो आणि बाईंनी मधल्या सुट्टीत दोनदा शिकवलं. धाकट्याला काही जड गेलं नाही. पुढे ती आठवी-नववीत गेल्यावर असं करता येईल असं वाटत नाही, आणि दहावी-बारावीच्या वर्षी मी कुणालाही सुचवणार नाही.

2026 साठी विचारत असाल तर या वर्षी अधिक महिना असल्याने दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. शाळा सुरू व्हायलाच नोव्हेंबरचा मध्य उलटेल आणि त्यानंतरचा आठवडा गर्दीचा असेल. त्यामुळे आम्ही थ्री-बीनंतरचे, 21 नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा हेच दिवस धरलेत, पण केरळऐवजी बदामी-हंपी. विजापूरमार्गे जवळ आहे, आणि मुलीची शाळा शनिवार धरून तीन-चार दिवसच बुडेल. तिच्या डायरीतलं वेळापत्रक जूनमध्ये आलं की बघू.